घारापुरीचें लेणें आणि पाहणाऱ्यांचे डोळे

आमच्या धाकट्या पुतणीनें यंदा रेखाकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेस बसावयाचें ठरविलें आहे. परीक्षा हातानें काढावयाच्या चित्रांची; परंतु मुलीला मुळांतच वाचनाची आवड असल्यामुळें तिनें जगांतील चित्रकार व शिल्पकार यांची एक वहीच तयार केली आहे. एका रकान्यांत नांव, दुसऱ्यांत देश, तिसऱ्यांत गाजलेली कृति. लिओनार्दो, मायकेलअँजेलो, रेम्ब्रां, होकुसाई, रोदँ अशी ती यादी रात्रीं जेवतांना आम्हां सर्वांना ऐकावी लागते. एके दिवशीं ताकभाताच्या वेळीं तिनें एकाएकीं विचारलें, "काका, आपला मायकेलअँजेलो कोण?"

प्रश्न आम्हांस होता, परंतु उत्तर देण्याची घाई सर्वांनाच झाली. वडिलांनीं रविवर्म्याचें नांव घेतलें. तें तिच्या वहींत अगोदरच होतें. "पण आजोबा, ते तर परवांचे. मायकेलअँजेलोला पांचशें वर्षें झालीं," असें तिचें म्हणणें पडलें. थोरले बंधु मोठ्या आत्मविश्वासानें "अजिंठा" म्हणाले. "अजिंठा हें गांव आहे, मोठेकाका, माणूस नव्हे." या उत्तरानें पंगतींत हंशा पिकला. हंशा ओसरल्यावर मात्र सर्वांच्या ध्यानांत आलें कीं, पोरीच्या प्रश्नाचें उत्तर कोणापाशींच नाहीं.

आमचें बिऱ्हाड नवी मुंबईंत उलवे येथें आहे. गच्चीवर उभें राहिलें आणि हवा स्वच्छ असली म्हणजे खाडीपलीकडे दोन टेंकड्यांचें एक हिरवें बेट दिसतें. तेंच घारापुरी. गेलीं कित्येक वर्षें आम्ही तें बेट पाहात आहों. पाहुण्यांना बोट करून दाखवीतही आहों. परंतु घरांतील एकाही माणसानें तेथें पाऊल ठेविलेलें नव्हतें. काशी झाली, रामेश्वर झालें, धाकट्या बंधूंचें पॅरिसही झालें. समोरचें बेट तेवढें राहिलें. सांगावयास लाज वाटते, पण असें अनेक घरीं असेल म्हणून लिहितों. पंगतींतल्या त्या प्रश्नानंतर आठ दिवसांच्या आंत आम्ही सर्व जण घारापुरीस जाऊन आलों.

बेट घरासमोर असलें तरी आम्ही गेलों तें मुंबईवरून. २०२४ च्या जानेवारींत वाहतुकीस खुला झालेल्या अटल सेतूवरून मुंबईस जावें. जातांना डाव्या हातास घारापुरी दिसावी. मग पालव्याच्या बंदरावर लाँचमध्यें बसून तासाभरानें पुन्हा त्याच घारापुरीस यावें, असा हा द्राविडी प्राणायाम! बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत मोडतें. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर अशीं तीन लहान गांवें तेथें आहेत. समुद्राच्या तळाशीं तार टाकून त्यांना कायमची वीज मिळाली ती २०१८ सालीं. मुंबईचे दिवे रात्रभर समोर दिसत असतां या गांवांनीं इतकीं वर्षें कशी काढलीं असतील, हा विचार सुमारें सवाशें पायऱ्या चढतांना मनांत आल्यावांचून राहात नाहीं.

पायऱ्या संपल्या कीं मुख्य लेणें. लेणें या शब्दाचा अर्थ मुलांना नीट समजावून द्यावा लागतो. देऊळ हें दगडावर दगड रचून बांधलें जातें. लेणें हें असलेल्या डोंगरांतून नको तो दगड काढून टाकून उरवावें लागतें. सुमारें १३० फूट लांब व जवळजवळ तितकाच रुंद असा हा मंडप, त्यांतील खांबांच्या रांगा, खांबांवरील उशीसारखे गोल माथे, भिंतींतील महाकाय मूर्ति, हें सर्व एकाच काळ्या पाषाणांतून कोरलेलें आहे. बांधणाऱ्याची चूक झाली तर चिरा बदलतां येतो. मायकेलअँजेलोला कारारा येथील खाणींतून आलेला संगमरवर पसंत पडला नाहीं तर दुसरा मागवितां येत होता. येथें टाकीचा एक घाव चुकला तर डोंगर परत मागवावयाचा कोठून? मूर्तीचें नाक कोणत्या जागीं यावयाचें, हें तेथील दगड अद्याप भिंतीसारखा सपाट असतांनाच ठरवावें लागलें असलें पाहिजे. आमचे थोरले बंधु स्थापत्यविशारद आहेत. मूर्तींपेक्षां त्यांचें लक्ष या हिशेबाकडेच अधिक होतें, आणि परत निघेपर्यंत ते छताकडे पाहूनच चालत होते.

मंडपाची रचना जरा निराळी आहे. आज आपण उत्तरेच्या बाजूनें आंत शिरतों आणि समोर, दक्षिणेच्या भिंतींत, ती जगप्रसिद्ध तीन मुखांची मूर्ति दिसते. परंतु लिंगाचा गाभारा समोर नाहीं. तो उजव्या हातास, पश्चिमेकडे आहे. त्याला चारी दिशांना चार दारें आणि प्रत्येक दाराशीं दोन प्रचंड द्वारपाल. पूर्वेच्या अंगणांतून आंत येणाऱ्यास लिंग समोर दिसतें. उत्तरेकडून येणाऱ्यास मूर्ति. एकाच मंडपांत देवाचें अरूप आणि सरूप अशीं दोन दर्शनें दोन वाटांवर मांडण्याची ही योजना ज्याच्या डोक्यांतून निघाली, तो नुसता पाथरवट नव्हता.

मूर्ति सुमारें १८ फूट उंच आहे आणि सुमारें दहा फूट खोल कोनाड्यांत बसविलेली आहे. छातीपर्यंतचाच भाग दाखविलेला असल्यामुळें देव डोंगरांतून आतांच वर येत आहे, असा भास होतो. मधलें मुख शांत; डोळे मिटल्यासारखे, खालचा ओठ जाड, मुद्रेवर कसलाही विकार नाहीं. आपल्या डाव्या हाताचें मुख उग्र. भुंवया आकुंचित, मिशा, हातांत सर्प, मुकुटांत कवटी. उजव्या हाताचें मुख कोमल. केसांच्या बटा रुळत आहेत आणि हातांत कमळ आहे. तिन्ही मुखें एकाच देहाचीं आहेत, हें पाहणाऱ्यास कोणीं सांगावें लागत नाहीं. उग्र मुखाकडे पाहून मधल्या मुखाकडे वळलें म्हणजे जी शांति वाटते ती मधलें मुख एकटें असतें तर वाटली नसती. आमच्या पुतणीनें पाऊण तास तेथें बसून रेखाटन केलें आणि मग वही मिटून म्हणाली, "मधलं सोपं दिसतं, पण तेंच येत नाहीं."

या मूर्तीच्या दोन्ही अंगांस दोन मोठीं शिल्पें आहेत. एकीकडे अर्धनारीश्वर, दुसरीकडे गंगाधर. उत्तरेच्या दाराशीं एका बाजूस नटराज व दुसऱ्या बाजूस योगिराज शिव. नाचणारा आणि निश्चल बसलेला, असे दोघे समोरासमोर. याखेरीज अंधकासुराचा वध, रावणानें उचललेला कैलास आणि शिवपार्वतीचा विवाह. बहुतेकांचे हातपाय तुटलेले आहेत. अंधकासुराला मारणाऱ्या शिवाचें कंबरेखालचें शरीरच उरलेलें नाहीं. तरीही वरच्या अर्ध्या देहांतील वेग कमी झालेला नाहीं.

विवाहाच्या शिल्पापाशीं एक गंमत झाली. आम्ही पुस्तक उघडून कोण कोठें उभें आहे तें वाचून दाखवीत होतों. आमच्या थोरल्या वहिनींनीं पुस्तकाकडे पाहिलेंही नाहीं. त्या म्हणाल्या, "अहो, ही इथं त्याच्या उजवीकडे उभी आहे. आणि मघाच्या गंगेच्या मूर्तींत डावीकडे होती." मग स्वतःच म्हणाल्या, "बरोबरच आहे. होमाला बसतांना आपण उजवीकडेच बसतों कीं नाहीं? एरवीं ती वामांगी." शिल्पशास्त्राचे पंडित या शिल्पाविषयीं लिहितांना पार्वती उजवीकडे असल्याचें आवर्जून नमूद करतात. वहिनींनीं शिल्पशास्त्राचें एक पानही वाचलेलें नाहीं. परंतु त्यांच्या हातून घरांतलीं चार लग्नें व दोन मुंजी पार पडल्या आहेत. त्यांनीं मग एकेक गोष्ट दाखवावयास आरंभ केला. वधूची मान किंचित् खालीं आहे. पाठीमागून बाप तिला हलकेच पुढें आणीत आहे. एका कोंपऱ्यांत ब्रह्मदेव भटजींचें काम करीत बसला आहे. पाणिग्रहणाचे हात तुटले आहेत, पण खांद्यांच्या वळणावरून ते कोठें जुळले होते तें समजतें. "हा बाप पाहा," वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांचे चेहरे हंसरे आहेत, आणि याचा नाहीं." तो खरोखर तसा आहे, कीं झिजलेल्या दगडामुळें तसा दिसतो, हें आम्ही सांगूं शकणार नाहीं. गेल्या वैशाखांत त्यांच्या मुलीचें लग्न झालें, एवढें मात्र ठाऊक आहे.

हा प्रसंग लिहिण्याचें कारण असें कीं, घारापुरीचा गेल्या पांचशें वर्षांचा इतिहास म्हणजे निरनिराळ्या देशांच्या डोळ्यांचा इतिहास आहे. प्रत्येकानें तेथें तेंच पाहिलें जें त्याच्या डोळ्यांना पाहतां येत होतें.

वसईच्या तहानें १५३४ सालीं हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. बंदराजवळ दगडाचा एक मोठा हत्ती होता. त्यावरून त्यांनीं बेटाला एलेफंटा हें नांव दिलें. गार्सिया द ओर्ता हा वैद्य त्याच सुमारास हिंदुस्थानांत आला. औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ सालीं गोव्यास छापला गेला. त्यांत या लेण्याचाही उल्लेख आहे. आपण प्रथम पाहिलें तेव्हां लेणें फार सुंदर होतें, पुढें गुरें आंत शिरून त्याची खराबी झाली, अशी तक्रार तो करतो; आणि हें काम चिनी लोकांचें असावें असें कांहीं जण म्हणतात, अशीही नोंद करतो. १५३८ सालीं आलेल्या जुआंव द कास्त्रो या दर्यावर्दी सरदारानें लेण्याचीं मोजमापें घेतलीं. त्यानंतर दोनशें वर्षें यूरोपियन प्रवाशांचे तर्क चालूच राहिले. कोणी म्हणे अलेक्झांडरानें खोदविलें, कोणी म्हणे मिसर देशाच्या लोकांनीं. येथें राहणाऱ्या लोकांच्या पूर्वजांनींच तें खोदलें असेल, हा सर्वांत सोपा तर्क सुचण्यास मात्र फार वेळ लागला. यांत त्यांनाच हंसण्याचें कारण नाहीं. आपल्याकडेही अशा लेण्यांना पांडवांनीं एका रात्रींत कोरलेलीं म्हणण्याची चाल होतीच.

पोर्तुगीजांच्या काळांत घडलेली एक गोष्ट सर्वांत जिव्हारीं लागणारी आहे. दियोगु द कौतो हा पोर्तुगीज इतिहासकार लिहितो कीं, लेण्याच्या दाराशीं एक कोरीव लेख असलेली शिळा होती. ती काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यांत आली. राजानें लेख वाचणारा माणूस पूर्वेकडील सर्व देशांत शोधविला. हिंदूंना विचारलें, मुसलमानांना विचारलें. कोणालाही तो वाचतां आला नाहीं. पुढें ती शिळा हरवली आणि आजतागायत सांपडलेली नाहीं. पोर्तुगीज शिपायांनीं मूर्तींवर बंदुकांचे नेम धरले, असें सांगतात आणि तें ऐकून आपल्याला संताप येतो; पण आम्हांला या शिळेची हळहळ अधिक वाटते. तुटलेला हात कसा होता याची कल्पना करतां येते. गेलेल्या अक्षरांची करतां येत नाहीं. कोणीं हें लेणें करविलें, केव्हां करविलें, कदाचित् कोणीं केलें, हें सारें त्या एका शिळेवर असण्याचा संभव होता.

आणि तिच्यावरील लिपि वाचूं न शकणारे लोक केवळ परकी नव्हते. आपल्या पंडितांना त्या काळीं मुखोद्गत वेद होते, न्याय होता, व्याकरण होतें. परंतु हजार वर्षांपूर्वीं आपल्याच पूर्वजांनीं दगडावर लिहिलेलीं अक्षरें त्यांना वाचतां येत नव्हतीं. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपनें १८३७ च्या सुमारास केला. शिळा तीनशें वर्षें तेथेंच पडून राहिली असती तर आज ती कोणत्याही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यानें वाचली असती.

लेख गेल्यामुळें काळ ठरवावा लागला तो इतर पुराव्यांवरून. बेटावर कलचुरि राजा कृष्णराज याचीं नाणीं सांपडलीं. कलचुरि हे पाशुपत शैव. शिल्पाची धाटणी जोगेश्वरीच्या लेण्याशीं जुळती. यावरून हें काम सहाव्या शतकाच्या मध्यावर कलचुरींच्या आश्रयानें झालें असावें, असें आज बहुतेक विद्वान मानतात. कलचुरींचे लेख संपादून १९५५ सालीं प्रसिद्ध करणारे आपले महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचाही कौल याच बाजूस होता. शास्त्रीबोवांनीं नागपुरांत बसून ताम्रपटांवरून राजांच्या पिढ्या जुळविल्या, त्या कामाचा हा एक लाभ.

१७७४ सालीं बेट इंग्रजांकडे गेलें. त्याच्या दहा वर्षें अगोदर कार्स्टन नीबूर मुंबईस आला होता. डेन्मार्कच्या राजानें पाठविलेल्या संशोधकांच्या तुकडींतील हा एकटाच जिवंत उरलेला माणूस. त्यानें लेण्याच्या पुन्हा पुन्हा फेऱ्या केल्या, नकाशे काढले, मूर्तींचीं चित्रें काढून छापलीं. त्याचा निकाल असा कीं, हीं शिल्पें ग्रीकांइतकीं सुंदर नाहींत, पण मिसर देशाच्या शिल्पांपेक्षां सरस आहेत. नीबूर प्रामाणिक होता. पण त्याच्याजवळ गज एकच होता आणि तो ग्रीसमध्यें बनविलेला होता. कवि ग्यॉटे याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. 'शाकुंतल' वाचून त्याला झालेला आनंद आपल्याकडे शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असतो. परंतु त्याच ग्यॉटेला आपल्या पाषाणमूर्तींचा मनस्वी तिटकारा होता. हिंदुस्थानांत राहावयास आपल्याला आवडलें असतें, पण तेथें पाथरवट नसते तर, अशा आशयाचें त्यानें लिहून ठेविलें आहे. कालिदासाचें भाषांतर करतां येत होतें; मूर्तीचें भाषांतर कोण करणार?

इंग्रज अधिकाऱ्यांची वागणूक मिश्र होती. १८७१ सालीं जेम्स बर्जेसनें या लेण्यांवर एक उत्तम ग्रंथ लिहिला. आणि १८७५ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हां त्याला याच लेण्यांत मेजवानी देण्यांत आली!

सर जॉर्ज बर्डवुड यांचें नांव मुंबईकरांना परकें नाहीं. भायखळ्याचें व्हिक्टोरिया ॲण्ड आल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, उभें करण्याच्या खटपटींत ते होते. आपल्याकडच्या विणकरांवर, कासारांवर, सोनारांवर त्यांचें खरें प्रेम होतें. १८९६ सालीं गणपतराव म्हात्रे या मुंबईच्या कलाशाळेंतील तरुण विद्यार्थ्यानें 'मंदिरपथगामिनी' हा नऊवारी नेसलेल्या स्त्रीचा पुतळा केला, तेव्हां त्याची विलायतेंत मोठी वाखाणणी करणारे हेच बर्डवुड. परंतु १९१० च्या जानेवारींत लंडनच्या एका विद्वत्सभेंत जावांतील बुद्धमूर्तीचें छायाचित्र समोर येतांच हे गृहस्थ म्हणाले कीं, चरबी घालून उकडलेल्या पिठाच्या गोळ्यानेंही आत्म्याची शांति इतकीच चांगली दाखवितां येईल. म्हात्र्यांच्या पुतळ्यांत त्यांना ग्रीक सौंदर्य ओळखूं आलें, म्हणून तो आवडला. बुद्धमूर्तींत तें नव्हतें, म्हणून ती पिठाचा गोळा. आम्हांला बर्डवुडसाहेबांचा राग येत नाहीं. तीस-चाळीस वर्षें ज्या देशावर प्रेम केलें त्याची मुख्य गोष्टच दिसूं नये, याचें वाईट वाटतें.

त्या वाक्याचा परिणाम मात्र चांगला झाला. थोड्याच काळांत तेरा इंग्रज कलावंत व टीकाकार यांनीं सहीनिशीं 'टाइम्स' पत्रांत निषेध प्रसिद्ध केला आणि भारतीय कलेच्या अभ्यासासाठीं लंडनांत इंडिया सोसायटी स्थापन झाली. त्या सभेंतील वक्ते हॅवेल आणि त्यांचे सहकारी आनंद कुमारस्वामी यांनीं पुढें आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली: या मूर्ति शरीर हुबेहूब दाखविण्यासाठीं घडविलेल्या नाहींत, ध्यानांत जें दिसलें तें त्यांत उतरविलेलें आहे. पॅरिसमध्यें रोदँला मद्रासच्या संग्रहालयांतील नटराजाचीं छायाचित्रें पाहावयास मिळालीं. यूरोपांतला त्या काळचा सर्वांत थोर शिल्पकार. मूळ मूर्ति त्यानें पाहिलीही नव्हती. तरी त्यानें त्या मूर्तीवर भक्तासारखें लिहिलें. तें लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १९२१ सालीं शैव शिल्पांवरील एका फ्रेंच ग्रंथांत, कुमारस्वामी व हॅवेल यांच्या लेखांबरोबर छापलें गेलें. त्याच ग्रंथांत घारापुरीच्या मूर्तीलाही मानाचें स्थान मिळालें. रोदँनें संस्कृताचें एक अक्षर न जाणतां जें ओळखलें तें ग्यॉटेला भाषांतरें वाचूनही ओळखतां आलें नव्हतें. हाताला हाताची खूण पटली म्हणावयाची.

आतां आपल्या डोळ्यांविषयीं. आमच्या लहानपणापासून आम्ही या मूर्तीला 'त्रिमूर्ति' म्हणत आलों. मधला ब्रह्मा, एकीकडे विष्णु, दुसरीकडे महेश, असें समजावून सांगणारे वडीलधारे प्रत्येक घरीं भेटतील. त्रावणकोरचे गोपीनाथ राव यांनीं १९१४ ते १९१६ या वर्षांत प्रसिद्ध केलेल्या मूर्तिशास्त्राच्या ग्रंथांत ही समजूत चुकीची ठरविली. ही मूर्ति एकट्या शिवाची, महेशाची. विष्णुधर्मोत्तर पुराणांत सदाशिवाचीं पांच मुखें सांगितलीं आहेत. त्यांतील उग्र तें भैरवाचें, कोमल तें उमेचें. चौथें पाठीमागें डोंगरांत आणि पांचवें वर, डोळ्यांना न दिसणारें. म्हणजे उजव्या हाताच्या ज्या मुखाला आपण विष्णु म्हणून हात जोडीत होतों, तें देवाचें स्त्रीमुख आहे. शंभर वर्षांपूर्वीं छापून झालेली ही दुरुस्ती आमच्या घरीं मात्र परवां, त्या कोनाड्यासमोर उभें असतांना पोंचली. वडिलांना ती प्रथम पटली नाहीं. मग ते त्या मुखाकडे बराच वेळ पाहात राहिले आणि "केस तर बायकांचेच आहेत खरे," एवढेंच म्हणाले.

परततांना लाँचमध्यें पुतणीनें आपला मूळ प्रश्न पुन्हा काढला. "पण हें केलं कोणी? नांव काय त्याचं?"

पुष्कळ लोक या प्रश्नाला एक ठराविक उत्तर देतात. आपले कारागीर निरहंकारी होते, नांव लिहिण्याची त्यांना हौस नव्हती, कला ही त्यांची पूजा होती, इत्यादि. ऐकावयास हें गोड वाटतें; परंतु सर्वस्वीं खरें नाहीं. विजापूरच्या खालीं पट्टदकल येथें आठव्या शतकांत लोकमहादेवी या चालुक्य राणीनें बांधविलेल्या विरूपाक्षाच्या देवळावर गुंड नांवाच्या स्थपतीचा लेख आहे. राजानें त्याला दिलेल्या पदव्या त्यांत आहेत. तेथेंच सर्वसिद्धि आचारी याचेंही नांव आहे. कर्नाटकांत होयसळांच्या देवळांवर तर मूर्तीखालीं शिल्पकाराचें नांव कोरलेलें वारंवार आढळतें. दासोज, मल्लितम्म हीं नांवें अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचीं आहेत. उलट यूरोपांत मध्ययुगीन देवळांवर काम करणारे बहुतेक शिल्पकार निनांवीच राहिले. आणि खुद्द मायकेलअँजेलोनें आपलें नांव कोरलें तें एकाच मूर्तीवर, मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीच्या छातीवरील पट्ट्यावर. तेंही आपलें काम लोक दुसऱ्याच्या नांवावर सांगत असलेलें कानावर आल्यामुळें, अशी कथा त्याच्या चरित्रकारानें दिली आहे.

तेव्हां घारापुरीच्या कारागिराला नांवाची हौस नव्हती, असें आम्ही तिला सांगूं शकलों नाहीं. त्याचें नांव कदाचित् लिहिलेलेंही असेल. तें लिस्बनच्या वाटेवर किंवा लिस्बनमध्यें हरवलें असेल, एवढेंच सांगितलें. शिवाय हें काम एका हाताचें नव्हे. नटराज, विवाह आणि महेश यांतील हात निराळे असावेत, असें त्यांच्याकडे लागोपाठ पाहिल्यावर वाटतें. पण योजना एकाच माणसाची असली पाहिजे. मुलीला ही गोष्ट पटली. शिळेची गोष्ट ऐकून मात्र ती फार चिडली. "राजाला वाचतां येत नव्हतं तर परत पाठवायची!" असें ती म्हणाली, आणि यावर आम्हांला कांहीं उत्तर सुचलें नाहीं.

घरीं आल्यावर तिनें वहींत नवी ओळ घातली. कृतीच्या रकान्यांत महेशमूर्ति, देशाच्या रकान्यांत कोंकण. नांवाचा रकाना तिनें रिकामा ठेविला आहे आणि त्यांत पेन्सिलीनें एक चौकोन काढला आहे. ती शिळा, असें ती म्हणते. आतां तिला तो दगडी हत्ती पाहावयाचा आहे. त्याचें डोकें व मान १८१४ सालीं कोसळली; तुकडे पुढें १८६४ मध्यें मुंबईस आणले गेले आणि १९१४ सालीं जोडून त्याला पुन्हा उभें करण्यांत आलें. तो आज भायखळ्यास, जुन्या राणीच्या बागेशेजारीं उभा आहे. रविवारीं जावयाचें ठरलें आहे. वहिनीही येणार आहेत. त्या म्हणतात, तुम्ही पुस्तक घरीं ठेवा.